शीतपेटीतील आशा



माणूस मेल्यावर त्याचा देह अतिशय थंड जागी जपून ठेवला, तर शे-दोनशे वर्षांनी कोणी निष्णात डॉक्टर त्याला पुन्हा उठवू शकेल काय? प्रश्न एखाद्या आजीबाईच्या गोष्टीतला वाटतो. परंतु याच आशेने आज अमेरिकेत, आणि थोड्या प्रमाणात इतर देशांतही, काहीशे माणसांचे देह पोलादी पिंपांत ठेवलेले आहेत. त्या पिंपांची चित्रे पूर्वी तिकडच्या दूरचित्रवाणीवर दिसत; आता ती मोबाइलच्या वाटेने आपल्या खेड्यांतील ओसरीपर्यंत येऊन पोहोचली आहेत. या उद्योगाला ‘क्रायोनिक्स’ असे म्हणतात. ‘क्रायोस’ म्हणजे ग्रीक भाषेत कडाक्याची थंडी. मराठीत आपण त्याला सोयीसाठी ‘देहशीतन’ म्हणू.

असे चित्र घरात दिसले की बहुधा दोन गोष्टी घडतात. मोठी माणसे हसतात, आणि एखादे लहान मूल हळूच विचारते, “मग आपल्या आजोबांना का नाही ठेवले?” हसणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नसते, त्या मुलाला मात्र उत्तर द्यावे लागते. ते नीट देता यावे म्हणून हा विषय मुळात काय आहे, तो लोकांपुढे कसा मांडला गेला आणि लोकांनी तो कसा घेतला, हे आज थोडे सविस्तर पाहू.

या कल्पनेचे जनक रॉबर्ट एटिंगर (१९१८-२०११) हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पायांना जबर जखमा झाल्या आणि त्यांना कित्येक वर्षे रुग्णालयात काढावी लागली. हाडांचे कलम करण्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचे पाय वाचले. आज जे असाध्य ते उद्या साध्य, हा त्यांचा विश्वास अशा अनुभवातून दृढ झाला असल्यास नवल नाही. १९४८ साली त्यांनी एक कथा प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थ ‘शेवटून दुसरा कर्णा’ असा होतो. संत पौलाने ज्या शेवटच्या कर्ण्याविषयी लिहिले आहे, तो वाजण्यापूर्वीच माणसाने आपला एक कर्णा वाजवून घ्यावा, असा त्या नावातला रोख. पुढे १९६२ साली त्यांनी ‘अमरत्वाची शक्यता’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक स्वखर्चाने काढले आणि १९६४ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते बाजारात आणले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. काल ज्याला मृत म्हणून सोडून देत, त्याला आज डॉक्टर वाचवितात. तेव्हा आजच्या मृताला उद्याच्या डॉक्टरांकडे नेऊन पोहोचवावे. नेण्याचे वाहन म्हणजे थंडी.

पुस्तक गाजले. जॉनी कार्सन, स्टीव्ह ॲलन, डेव्हिड फ्रॉस्ट अशा त्या काळच्या नामांकित सूत्रधारांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत एटिंगर दिसू लागले. यांतले बहुतेक कार्यक्रम करमणुकीचे. म्हणजे मृत्यूविषयीचा एवढा मोठा दावा लोकांच्या कानी पडला तो गाणे आणि विनोद यांच्या मधल्या फटीतून. देहशीतनाला जन्मापासूनच जी एक हास्यरसाची झालर लागली, तिचे मूळ या ठिकाणी असावे.

१२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड नावाचे ७३ वर्षांचे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक कर्करोगाने वारले, आणि त्यांचा देह लागलीच गोठविण्यात आला. या हेतूने गोठविलेला पहिला देह म्हणून तोच ओळखला जातो. ‘लाइफ’ या सुप्रसिद्ध साप्ताहिकाने त्यावर लेख तयार केला. परंतु २७ जानेवारीस अपोलो यानाच्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर मेले. छपाई चालू असतानाच देहशीतनाचा लेख काढून त्या तिघांचा वृत्तान्त घालण्यात आला. जुन्या लेखाच्या अगदी थोड्या प्रती बाहेर पडल्या. मृत्यूला चकविल्याची वार्ता ज्या आठवड्यात जगाला मिळायची होती, त्याच आठवड्यात तीन धडधाकट माणसांच्या मृत्यूने तिची जागा घेतली.

वार्ता मागे राहिली, वावडी मात्र पुढे धावली. चित्रपटनिर्माते वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी वारले आणि दोनच दिवसांनी त्यांचे दहन झाले. तरीही त्यांचा देह गोठवून ठेवला आहे, ही गोष्ट जगभर पसरली आणि आजतागायत सांगितली जाते. दहनाची साधी नोंद लोकांना नको होती. त्यांना बर्फात झोपलेला राजा हवा होता.

एटिंगर यांनी १९७६ साली मिशिगनमध्ये स्वतःची संस्था स्थापिली. तेथे ठेवलेला पहिला देह त्यांच्या आईचा. तो १९७७ साली ठेवला गेला. पुढे १९८७ साली त्यांची पहिली पत्नी, २००० साली दुसरी पत्नी, आणि २०११ साली ते स्वतः तेथेच विसावले. आता थट्टेखोराला प्रश्न सहज सुचेल की, उठल्यानंतर या गृहस्थांची पत्नी कोणती? वाचकांना स्मरत असेल, पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी सात भावांची व एका स्त्रीची कथा रचून प्रभू येशूला हाच प्रश्न घातला होता. प्रभूने थट्टेला थट्टेने उत्तर दिले नाही. पुनरुत्थान म्हणजे याच संसाराचे पुढचे पान नव्हे, एवढे त्याने शांतपणे सांगितले. आपणही तेवढे शांत राहावे. जो मनुष्य आपली आई, आपल्या दोन्ही पत्नी आणि स्वतःचा देह एकाच छपराखाली ठेवतो, तो निव्वळ ठकसेन नसतो. ज्याला कोणाचाही निरोप घेता आला नाही, असा तो मनुष्य. हे दृश्य हास्यास्पद वाटण्यापूर्वी करुण वाटले पाहिजे.

तथापि करुणा वाटली म्हणून हिशोब विचारू नये असे नाही. देह गोठवून ठेवणे हे एकदाचे काम नव्हे. द्रवरूप नायट्रोजन सतत उडून जातो. तो पुनःपुन्हा भरावा लागतो. आणि हे भरणे वर्षानुवर्षे, पिढ्यान्‌पिढ्या चालले पाहिजे. बेडफर्ड यांचा देह गोठविण्यात ज्यांचा पुढाकार होता, ते रॉबर्ट नेल्सन हे व्यवसायाने दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथील दफनभूमीत तळघर बांधून आणखी काही देह ठेवले. त्यांत लहान मुलेही होती. पैसा संपत गेला, यंत्रे बिघडली, देह वितळले. आणि नेल्सन गप्प राहिले. नातलग मात्र आपले माणूस सुरक्षित आहे, या समजुतीत होते. १९७९ साली हे सारे उघडकीस आले आणि १९८१ साली न्यायालयात पंचांनी नातलगांच्या बाजूने कौल दिला. ज्या आईबापांनी मुलाला एकदा गमावले होते, त्यांनी त्याला दुसऱ्यांदा गमावले. आणि या खेपेस त्यांच्याजवळ फुले वाहण्यासाठी थडगेही नव्हते.

त्यानंतरच्या संस्थांनी यावरून धडा घेतला, हे न्यायाने म्हटले पाहिजे. १९७२ साली स्थापन झालेली व आता ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे असलेली अल्कोर ही संस्था पैसे आगाऊ घेऊन त्यांचा स्वतंत्र निधी ठेवते. बेडफर्ड यांचा देह १९८२ पासून तिच्याच ताब्यात आहे. मिशिगनची संस्था २८ हजार डॉलर आकारते, तर अल्कोरचा पूर्ण देहाचा आकार दोन लाख डॉलरांच्याही वर जातो. बरेच सभासद ही रक्कम आयुर्विम्यातून देतात. देह पुन्हा उठेल अशी हमी या संस्था स्वतःही देत नाहीत.

देहशीतनाची बातमी अमेरिकेतील घराघरांत पोहोचली ती २००२ साली. बेसबॉल या खेळातील महान खेळाडू टेड विल्यम्स त्या वर्षी ५ जुलैस वारले. आपले दहन करावे व राख फ्लॉरिडाच्या समुद्रात विखरावी, असे त्यांच्या १९९६ च्या मृत्युपत्रात होते. परंतु मुलाने व धाकट्या मुलीने त्यांची सही असलेली एक चिठ्ठी पुढे केली आणि देह अल्कोरकडे पाठविला. थोरल्या मुलीने विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले, दूरचित्रवाणीवर गेले, विनोदवीरांच्या तोंडी गेले, आणि वर्षअखेरीस तडजोडीने मिटले. त्या महिन्यांत सगळा देश एकाच गोष्टीवर बोलत होता: बापाला जाळावे की गोठवावे. तीन भावंडांचा बाप गेला आहे, ही साधी गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या ध्यानी राहिली असेल काय, याची शंका वाटते.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू, कारण अडाणीपणाने हसणे आणि अडाणीपणाने भुलणे ही एकाच घरातली भावंडे आहेत. टोमॅटो बर्फाच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढला, तर तो लिबलिबीत होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याच्यातील पाण्याचे टोकदार बर्फकण होतात आणि आतली सूक्ष्म घरटी फाटतात. मनुष्याच्या शरीराचेही तेच होते. यावर तोड अशी की, गोठण्यापूर्वी शरीरात रक्ताऐवजी विशिष्ट द्रव्ये सोडावी, म्हणजे बर्फकण न होता सगळे काचेसारखे घट्ट होईल. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखर होते. तोच झटकन थंड केला तर काचेसारखी गोळी होते. तत्त्व हेच. नंतर हा देह उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात.

यातले सगळेच काल्पनिक नाही. गाय भरविण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून येणारे डॉक्टर ज्या भांड्यातून वळूच्या रेताची कांडी काढतात, त्यात हाच नायट्रोजन असतो. ग्लिसरीन मिसळून ठेवलेले शुक्रजंतू गोठूनही जगतात, हा शोध १९४९ साली लंडनच्या मिल हिल भागातील प्रयोगशाळेत लागला, आणि आज आपल्या गोठ्यांतील कितीतरी वासरे त्याची साक्ष देत उभी आहेत. २०२३ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदराचे मूत्रपिंड शंभर दिवसांपर्यंत असे काचरूप करून ठेवले, पुन्हा ऊब दिली, दुसऱ्या उंदराच्या शरीरात बसविले आणि ते काम करू लागले. मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या रुग्णांना उद्या याचा केवढा उपयोग होईल! हे संशोधन आदरास पात्र आहे. मरणोत्तर अवयवदानाला ख्रिस्तसभाही परोपकाराचे कृत्य मानते.

परंतु कांडी, मूत्रपिंड आणि मनुष्य यांच्यामध्ये दोन मोठे ओढे आहेत. कांडीतील शुक्रजंतू जिवंत असताना गोठवितात. देहशीतन कायद्याने मृत्यू झाल्यानंतरच करता येते, आणि तोपर्यंत रोगाने व प्राणवायूच्या अभावाने व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. दुसरे असे की, मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांच्या परस्परांतील असंख्य धाग्यांत त्याचे स्मरण, भाषा, स्वभाव गुंफलेले असतात. हे धागे गोठताना जसेच्या तसे राहतात, असे कोणी सिद्ध केलेले नाही. गोठविलेला एकही मनुष्य, किंबहुना एकही पूर्ण वाढलेला सस्तन प्राणी, अशा थंडीतून आजवर उठलेला नाही.

मग लोकांना हे शक्य कोटीतले का वाटते? याचे एक कारण दूरचित्रवाणी हेच आहे. तिच्यावरील कल्पितकथांत झोपलेला मनुष्य शतकांनंतर झाकण उघडून जांभई देत बाहेर येतो. हे इतक्या वेळा दाखविले गेले आहे की, गोठणे म्हणजे गाढ झोप, असा समज नकळत रुजतो. वृत्तपटांतही कॅमेरा नेहमी एकाच दृश्याकडे वळतो: झाकण उचलते, पांढरे धुके ओसंडते, हातमोजे घातलेला कोणी तरी आत वाकून पाहतो. वस्तुतः नायट्रोजनला रंग नाही. ते धुके म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेतील ओलावा. पावसाळ्याच्या सकाळी डोंगरावर जे दिसते तेच हे. पण पडद्यावर ते गूढाचे वस्त्र होते. त्यानंतर एक विश्वास ठेवणारा आणि एक खिल्ली उडविणारा समोरासमोर बसविला, म्हणजे चर्चा पूर्ण झाली असे मानतात. खुर्च्या समान मांडल्या म्हणून पुरावाही दोहोंकडे समान असतो असे नव्हे, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

या विषयावर जगाने सर्वांत अधिक चर्चा केली ती २०१६ च्या नोव्हेंबरात. इंग्लंडमधील एका चौदा वर्षांच्या मुलीला असाध्य कर्करोग झाला होता. तिचे नाव न्यायालयाच्या आज्ञेने गुप्त आहे. आईबाप विभक्त, मुलगी आईजवळ राहत होती आणि बापाची व तिची कित्येक वर्षांत भेट नव्हती. तिने स्वतः माहिती वाचून देहशीतनाची इच्छा धरली आणि न्यायाधीशांना पत्र लिहिले की, आपल्याला मरावयाचे नाही, पण मरणार हे कळते. निदान कधी काळी बरे होण्याची संधी असावी. आई अनुकूल होती. बापाला शंका होती. समजा दोनशे वर्षांनी ती उठली, तर परक्या देशात, एकही नातलग नसलेली, कदाचित काहीही न आठवणारी, अशी ती चौदा वर्षांची पोर करील काय? हा त्याचा प्रश्न होता. या साऱ्या प्रकरणात याहून बापाला शोभणारे दुसरे वाक्य आम्हांस आढळले नाही.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश पीटर जॅक्सन यांनी ६ ऑक्टोबर रोजी निर्णय दिला. देहशीतन योग्य की अयोग्य याचा निवाडा आपण करीत नाही. मुलीच्या मृत्यूनंतरची व्यवस्था कोणी ठरवावी एवढाच प्रश्न आहे, असे सांगून त्यांनी तो अधिकार आईला दिला. ते स्वतः रुग्णालयात जाऊन त्या मुलीला भेटले. १७ ऑक्टोबरला ती वारली. आजोळच्या माणसांनी सुमारे ३७ हजार पौंड उभे केले आणि देह मिशिगनला गेला. निकाल १८ नोव्हेंबरला जाहीर होताच वृत्तपत्रांची पहिली पाने आणि दूरचित्रवाणीची सारी केंद्रे या एका विषयाने भरली. कोणी म्हणाले, मुलीची इच्छा पुरविली हे ठीक झाले. कोणी म्हणाले, दुःखी माणसांना लुटले. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक क्लाइव्ह कोन यांच्यासारख्या मेंदूच्या अभ्यासकांनी शास्त्रीय आक्षेप स्पष्ट मांडले. या व्यवहारावर सरकारचे नियंत्रण असावे, अशी सूचना न्यायाधीशांनीही केली.

या सर्व कोलाहलात एक लहानशी नोंद पुष्कळांच्या नजरेतून सुटली. रुग्णालयाने न्यायालयाला कळविले होते की, शेवटच्या दिवशी आई मृत्यूनंतरच्या व्यवस्थेत इतकी गुंतली होती की, मुलीजवळ तिला पुरते असता आले नाही. देह नेण्यासाठी आलेल्या स्वयंसेवकांची तयारीही अपुरी होती.

वाचकहो, या नोंदीवर क्षणभर थांबावे. त्या आईला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तिने जे केले ते लेकीवरील मायेने केले. पण दोनशे वर्षांनंतरच्या भेटीची तजवीज करताना त्या दिवशीची भेट निसटली. देहशीतनाची खरी किंमत डॉलर-पौंडांत मोजलेली नाही. ती या ठिकाणी मोजली गेली आहे. गोठविल्याने मृत्यू टळतो की नाही हे राहो. निरोप मात्र खात्रीने टळतो.

दूरचित्रवाणीने हा विषय नेहमी उथळपणेच हाताळला असेही नाही. २०१५ साली थायलंडमधील एका बौद्ध कुटुंबाने मेंदूच्या कर्करोगाने गेलेल्या आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा देह अल्कोरकडे दिला. मुलीचा बाप स्वतः विज्ञानाच्या क्षेत्रातला. दिग्दर्शिका पायलिन वेडेल यांनी त्या कुटुंबावर केलेला ‘होप फ्रोझन’ हा अनुबोधपट २०२० साली नेटफ्लिक्सवर आला आणि २०२१ साली त्यास आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले. त्यात कोणाची टवाळी नाही आणि कोणाची जाहिरातही नाही. एक घर आपल्या लेकरावाचून कसे दिवस काढते, एवढेच ते दाखविते. ज्याला या विषयाचे मर्म कळून घ्यावयाचे असेल, त्याने शंभर चर्चा सोडून असे एक चित्र पाहावे.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आजोबांना का नाही ठेवले? त्याला सांगावे की, ठेवून आजोबा उठले असते, असे आज कोणाही शास्त्रज्ञाला सांगता येत नाही. आणि समजा उठलेच असते, तरी ते पुन्हा म्हातारे झाले असते आणि पुन्हा वारले असते. बेथानीच्या लाझरसाला प्रभूने कबरेतून हाक मारून बाहेर आणले; पण तो लाझरसही पुढे एके दिवशी मरण पावला. देहशीतनवाद्यांचे सारे स्वप्न अक्षरशः खरे झाले, तरी ते लाझरसाच्या पुढे जात नाही. ईस्टरच्या पहाटे जे घडले ते निराळे. तेथे जुने आयुष्य लांबविले गेले नाही. मरण मागे पडले. आपण आजोबांसाठी ज्याची आशा करतो ते हे. त्यासाठी पिंप लागत नाही आणि विमाही लागत नाही.

कोणी चुणचुणीत मूल यावर विचारील, “मग गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरचे शरीर का ठेवले आहे?” प्रश्न योग्य आहे. संत फ्रान्सिस १५५२ साली चीनच्या किनाऱ्यावरील बेटावर वारला आणि १५५४ साली त्याचा देह गोव्यास आला. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालेल्या दर्शनसोहळ्यास आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. परंतु त्या पेटीसमोर उभे राहून, हा केव्हा उठेल, असे कोणी विचारीत नाही. तो आताच देवाजवळ जिवंत आहे, या विश्वासाने आपण त्याची मध्यस्थी मागतो. तो देह एका थोर प्रवासाची खूण आहे; थांबवून ठेवलेला प्रवासी नव्हे. २०१६ च्याच ऑक्टोबरात रोमहून निघालेल्या सूचनापत्रात, दहन झालेल्यांची राख घरात ठेवू नये, पवित्र स्थळी ठेवावी, असे सांगितले आहे. त्यामागील विचार असा की, मृत मनुष्य कोणा एकाची ठेव नसून साऱ्या समाजाच्या प्रार्थनेचा विषय आहे.

तेव्हा आपल्या घरी नायट्रोजनचे पिंप येणार नाही, म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? तसे नाही. त्या आईची गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. घरातले वडील माणूस शेवटच्या घटका मोजीत असते, आणि मुलगा रुग्णालयाच्या खिडकीपाशी पैशांच्या रांगेत, सून फोनवर, नातू फोटो पाठविण्यात. सर्वांची धावपळ मायेपोटीच असते. पण खाटेजवळची खुर्ची रिकामी राहते. डॉक्टर सांगतात की, आता यंत्राने श्वास लांबेल, मनुष्य परत येणार नाही. तरी ‘आम्ही काही बाकी ठेवले नाही’ असे गावात म्हणता यावे म्हणून शेत गहाण पडते. अशा वेळी त्रासदायक व निष्फळ ठरलेले उपचार थांबविणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे, हे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत स्वच्छ सांगितले आहे. वेदना कमी करावी, पाणी द्यावे, अंग पुसावे, आणि जवळ बसावे.

आपल्या वाडवडिलांना हे काम येत होते. आजार वाढला की ते धर्मगुरूंना वेळेवर बोलावीत. मनुष्य शुद्धीवर असतानाच रुग्णाभ्यंगाचा संस्कार होई. शेजारी जमत, रोझरी होई, संत योसेफाला चांगल्या मरणासाठी विनविले जाई. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याला निरोप जाई, आणि तो येई. मरणाऱ्याच्या मुखी जे अखेरचे ख्रिस्तशरीर देतात, त्याला आपल्या धर्मपरंपरेत वाटेची शिदोरी म्हणतात. हा शब्द नीट ध्यानात घ्यावा. शिदोरी बांधतात ती जाणाऱ्यासाठी. ज्याला कुलूप घालून ठेवावयाचे त्याला कोणी शिदोरी देत नाही.

म्हणून पुढच्या खेपेस पडद्यावर ती पोलादी पिंपे दिसली, तर त्यांतील माणसांना व त्यांच्या घरच्यांना हसू नये. त्यांच्यासाठी एक ‘नमो मारिया’ म्हणावी. पैसे घेणाऱ्यांना प्रश्न विचारावेत, प्रयोगशाळेत प्रामाणिकपणे राबणाऱ्यांना मान द्यावा, आणि पडदा बंद करून आपल्या घरातल्या त्या कोपऱ्याकडे पाहावे, जेथे एखादे थकलेले माणूस संध्याकाळी कोणी येऊन बसेल म्हणून वाट पाहत आहे. त्याच्याजवळ आजच जाऊन बसावे.